पाण्याचा हिशेब

(पाणी नसेल तर शेत वाळते, हे आपल्या सर्वांना ठाऊक आहे. पण पाणी जास्त झाले तरी शेत मरते, हे फार थोड्यांच्या लक्षात येते. पाण्याचे मोजमाप आणि वाटप यांसाठी ज्यांनी आपली बुद्धी वेचली, त्या सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या जीवनातील काही प्रसंग या पाठात सांगितले आहेत. त्यांनी महाराष्ट्रात केलेल्या कामाची ओळख येथे विशेष करून दिली आहे.)

दरवर्षी १५ सप्टेंबर हा दिवस आपल्या देशात अभियंता दिन म्हणून पाळला जातो. हा विश्वेश्वरय्या यांचा जन्मदिवस. त्यांचा जन्म १८६१ साली म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी या लहानशा गावी झाला. त्यांचे वडील श्रीनिवासशास्त्री संस्कृतचे पंडित होते. घरी विद्या होती, पण पैसा नव्हता. विश्वेश्वरय्या लहान असतानाच वडील वारले. पुढे शिक्षणासाठी ते बंगळूरला मामांकडे गेले. एका घरी मुलांच्या शिकवण्या करून त्यांनी आपला खर्च भागवला आणि बी.ए. ची पदवी मिळवली.

त्यांच्या हुशारीमुळे म्हैसूर सरकारने त्यांना शिष्यवृत्ती दिली. त्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याला आले आणि तेथील सायन्स कॉलेजात स्थापत्यशास्त्र शिकू लागले. १८८३ साली शेवटच्या परीक्षेत त्यांचा पहिला क्रमांक आला. लगेच पुढच्या वर्षी, म्हणजे १८८४ मध्ये, मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात त्यांना साहाय्यक अभियंता म्हणून नोकरी मिळाली. त्या वेळी त्यांचे वय अवघे बावीस-तेवीस वर्षांचे होते.

त्यांची पहिली नेमणूक खानदेशात झाली. धुळ्याजवळ पांझरा नदीच्या परिसरात एका ओढ्याखालून नळ टाकून पाणी पलीकडे न्यायचे होते. काम अर्धवट असताना पावसाळा सुरू झाला. ओढ्याला पूर आला, खणलेले पुन्हा गाळाने भरून गेले. पावसाळा संपेपर्यंत काम थांबवावे, असे त्यांनी वरिष्ठांना लिहिले. वरिष्ठांना ते आवडले नाही. तेव्हा या तरुण अभियंत्याने दुसरा विचार केला नाही. चिखलात, पावसात, मजुरांबरोबर उभे राहून त्यांनी काम पुरे केले.

याच पांझरा नदीच्या खोऱ्यात शेतीला पाणी देण्याची एक जुनी पद्धत होती. तिला फड पद्धत म्हणत. नदीवर ठिकठिकाणी दगडी बंधारे होते. बंधाऱ्यातून निघालेला पाट गावाच्या शिवारात येई. शिवाराचे तीन-चार मोठे भाग पाडलेले असत. त्या प्रत्येक भागाला फड म्हणत. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे, दुसऱ्या फडात दुसरे. पुढच्या वर्षी पिकांची अदलाबदल करायची. कोणत्या फडात कोणते पीक घ्यायचे, हे गावकरी एकत्र बसून ठरवीत. पाणी सोडण्यासाठी पाटकरी असे. शेतकऱ्याने स्वतः बारे फोडायचे नाही, पाटकऱ्यानेच पाणी द्यायचे, असा नियम असे. नदीला पाणी कमी असले तर सर्वांनीच कमी घ्यायचे. अशा रीतीने पाणी ही एकट्याची मालमत्ता नसून सर्वांची सामाईक ठेव आहे, हे खानदेशातील शेतकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते.

नोकरीच्या पुढील काळात विश्वेश्वरय्या निरनिराळ्या ठिकाणी फिरले. सिंध प्रांतात सक्कर या शहराला पाणी पुरवण्याचे काम त्यांच्याकडे आले. सिंधू नदीचे पाणी गढूळ होते आणि ते गाळण्यासाठी मोठी यंत्रणा उभारण्याइतका पैसा नगरपालिकेजवळ नव्हता. त्यांनी नदीच्या पात्रातच विहीर खणली. वाळूच्या थरातून झिरपून आलेले स्वच्छ पाणी तिच्यात जमू लागले. थोड्या पैशांत मोठे काम झाले. १८९९ मध्ये त्यांची पुण्याला कार्यकारी अभियंता म्हणून नेमणूक झाली आणि नदी, धरण, कालवा व शेतकरी या चौघांशी त्यांचा रोजचा संबंध आला.

पुणे जिल्ह्याचा नकाशा आपण पाहिला, तर पश्चिमेला सह्याद्रीचे डोंगर दिसतात. तेथे पाऊस धो धो कोसळतो. जसजसे पूर्वेकडे जावे तसतसा पाऊस कमी होत जातो. बारामती आणि इंदापूरकडे तर वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपासच पाऊस पडतो. कधी कधी तेवढाही पडत नाही. हा सारा मुलूख नीरा नदीच्या खोऱ्यात येतो. नीरा नदी सह्याद्रीत उगम पावते आणि भीमेला जाऊन मिळते. डोंगरात पाणी भरपूर आणि शेते मात्र कोरडी, अशी या खोऱ्याची स्थिती होती.

१८७६-७७ साली दक्षिणेत भयंकर दुष्काळ पडला. माणसे आणि जनावरे अन्नपाण्यावाचून मेली. लोकांच्या हाताला काम मिळावे आणि पुढे पाण्याची सोय व्हावी, म्हणून सरकारने नीरेच्या डाव्या तीरावर कालवा खोदण्यास सुरुवात केली. ज्याला आपण उर्दूत नहर म्हणतो, तोच हा कालवा. १८८५ च्या सुमारास त्यातून पाणी वाहू लागले. त्याची लांबी सुमारे शंभर मैल होती. कालव्याला उन्हाळ्यातही पाणी मिळावे, म्हणून भोरजवळ भाटघर येथे धरण बांधण्यात आले.

पाणी आले. आता दुःख संपले, असे सर्वांना वाटले. पण तसे झाले नाही. सुरुवातीला ज्वारी-बाजरी पिकवणारे शेतकरी कालव्याचे पाणी घेण्यास फारसे पुढे येत ना. पाऊस बरा झाला तर पाणीपट्टी कशाला भरायची, असा त्यांचा विचार असे. उलट, पाऊस हुकला की सगळेच एकदम पाणी मागत आणि तेवढे पाणी कालव्यात नसे. पुढे सासवडच्या बाजूचे उसाच्या शेतीत वाकबगार असलेले शेतकरी या भागात आले. त्यांनी जमिनी खंडाने घेतल्या, ऊस लावला आणि गुऱ्हाळे सुरू केली. उसाने पैसा दिला. मग इतरही उसाकडे वळले.

ऊस हे वर्षभर उभे राहणारे आणि वर्षभर पाणी पिणारे पीक आहे. पाणीपट्टीची आकारणी पीक आणि एकर यांच्यावर होत असे. शेतात किती पाणी सोडले, ते कोणी मोजत नसे. एकराचे पैसे भरले की पाणी कितीही घ्या, असा प्रकार होता. जास्त पाणी म्हणजे जास्त ऊस, अशी समजूत होती. त्यामुळे कालव्याच्या वरच्या बाजूचा शेतकरी शेत भरून वाहीपर्यंत पाणी घेई आणि कालव्याच्या शेवटी असलेला शेतकरी कोरड्या चारीकडे पाहत बसे. दोघेही सरकारचे सारखेच खातेदार होते. पण पाण्याचा हक्क मात्र ज्याचे शेत आधी त्याचा, असे होऊन बसले होते.

याहून मोठे संकट जमिनीच्या पोटात वाढत होते. नीरेकाठची जमीन काळी आणि खोल आहे. ती पाणी धरून ठेवते. शेतात ओतलेले जादा पाणी पिकाला लागत नाही, ते खाली झिरपते. खाली कठीण थर लागला की ते अडते. मग जमिनीखालच्या पाण्याची पातळी दरवर्षी थोडी थोडी वर येऊ लागते. विहिरी काठोकाठ भरतात. लोकांना आनंद होतो. पण पाणी मुळांपर्यंत येऊन पोहोचले की मुळांना हवा मिळत नाही. ती कुजतात. पीक पिवळे पडते. अशा जमिनीला शेतकरी चिबड जमीन म्हणतात.

गोष्ट येथेच थांबत नाही. मातीत निरनिराळे क्षार असतात. पाणी वर येताना ते क्षार आपल्याबरोबर आणते. उन्हाने पाणी उडून जाते आणि क्षार मात्र वरच राहतात. हिवाळा सरल्यावर शेतावर मीठ पसरल्यासारखा पांढरा थर दिसू लागतो. त्यात बी पेरले तर उगवत नाही. काही वर्षांपूर्वी जेथे भरघोस ऊस उभा होता, तेथे नुसते गवत आणि पांढरी माती उरते.

यात सर्वांत मोठा अन्याय कोणता होता, ते नीट समजून घेतले पाहिजे. पाणी उताराकडे जाते. चढावरच्या शेतकऱ्याने जास्त पाणी घेतले, की त्याचे शेत बहुधा शाबूत राही. झिरपलेले पाणी खालच्या बाजूला, ओढ्यालगतच्या शेतात वर येई. त्या शेताच्या मालकाने कदाचित कालव्याचे पाणी एकदाही घेतलेले नसे. तो ज्वारीवर गुजराण करणारा गरीब माणूस असे. पाणी एकाने घ्यायचे आणि जमीन दुसऱ्याची जायची, असा हा व्यवहार होता. आपली जमीन कोणी लुटली, हेही त्या बिचाऱ्याला समजत नसे. कारण लुटणारे पाणी डोळ्यांना दिसतच नव्हते.

१९०१ साली सरकारने देशातील पाटबंधाऱ्यांची पाहणी करण्यासाठी एक आयोग नेमला. नीरेसारख्या कालव्यांचा उपयोग वाढावा, अधिक लोकांना लाभ मिळावा आणि सरकारचे उत्पन्नही वाढावे, यासाठी काय करावे असा प्रश्न पुढे आला. विश्वेश्वरय्यांनी या प्रश्नाचा बारकाईने विचार केला. १९०३ च्या सुमारास त्यांनी एक नवी पद्धत सुचवली. तिला ब्लॉक पद्धत असे नाव पडले.

ही पद्धत समजण्यास अवघड नाही. कालव्याचे पाणी थोड्या गावांनी भरपूर वापरण्याऐवजी पुष्कळ गावांना वाटून द्यायचे. पण प्रत्येक गावात ते जेथे-तेथे विखरून सोडायचे नाही. गावातील चांगली, पाण्याचा निचरा होणारी जमीन निवडायची आणि तिचा एक सलग तुकडा पाडायचा. हाच ब्लॉक. पाणी त्या ब्लॉकलाच द्यायचे. ब्लॉकचे तीन भाग करायचे. एका भागात ऊस, दुसऱ्यात भात, तिसऱ्यात ज्वारीसारखे थोड्या पाण्यावर येणारे पीक. दरवर्षी पिकांची फिरवाफिरव करायची. म्हणजे एकाच जमिनीवर दरवर्षी उसाचे पाणी तुंबणार नाही. एका वर्षी पाणी पिऊन धालेली जमीन पुढे विसावा घेईल. आणि पाणी कोणाला किती व कोणत्या दिवशी मिळणार, हे आधीच ठरलेले असेल.

या पद्धतीचे अनेक फायदे होते. पाटाची लांबी कमी होऊन वाटेत मुरणारे पाणी वाचले. निचऱ्याची जमीन निवडल्यामुळे चिबड होण्याची भीती कमी झाली. गावाजवळ पाण्याची डबकी साचून मलेरिया पसरतो, त्यालाही आळा घालता येऊ लागला. सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे शेतकऱ्याला भरवसा मिळाला. पूर्वी प्रत्येक हंगामात अर्ज करायचा आणि मंजुरीची वाट पाहत बसायचे, अशी पद्धत होती. ब्लॉक मंजूर झाला की काही वर्षे पाणी नक्की मिळणार, हे शेतकऱ्याला समजू लागले. भरवसा असला की माणूस जमिनीत खत घालतो, बांध घालतो, पुढचा विचार करतो. उद्या पाणी मिळेल की नाही ही शंका असली, की तो आजच शेत बुडवून घेतो.

खानदेशातील फड आणि नीरेवरचा ब्लॉक यांत किती साम्य आहे, हे तुमच्या लक्षात आलेच असेल. दोन्हींत सलग जमीन आहे, पिकांची फिरवाफिरव आहे आणि पाण्याची पाळी आहे. एक मोठा फरकही आहे. फडात निर्णय गावकऱ्यांचा असे. ब्लॉक मात्र सरकारी खाते मंजूर करीत असे, कारण कायद्याप्रमाणे कालव्याच्या पाण्यावर सरकारचा ताबा होता.

हे सारे सहजासहजी झाले असे मात्र नाही. ज्यांना आतापर्यंत मनाला येईल तेवढे पाणी मिळत होते, त्यांना पाळी पाळीने पाणी घेणे रुचले नाही. आपल्या हक्कावर गदा आली, असे त्यांना वाटले. तक्रारी झाल्या. विश्वेश्वरय्या चिडले नाहीत. त्यांनी माणसांवर राग न धरता आकडे पुढे ठेवले. धरणात पाणी किती, वाटेत मुरते किती, एकराला लागते किती, याचा हिशेब मांडला. पाण्याच्या भांडणात आवाज मोठा करून उपयोग नसतो, मोजमाप लागते, हे त्यांनी आपल्या वागण्यातून दाखवून दिले.

याच काळातले त्यांचे दुसरे काम खडकवासल्याचे. पुण्याजवळ मुठा नदीवर हे धरण पूर्वीच बांधलेले होते. त्यातून शहराला आणि शेतीला पाणी मिळे. पावसाळ्यात धरण भरले की सांडव्यावरून पाणी वाहून जाई आणि उन्हाळ्यात तेच पाणी कमी पडे. धरणाची भिंत न वाढवता पाणी कसे वाढवावे, हा पेच होता. विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर बसवण्यासाठी लोखंडी दरवाजे तयार केले. हे दरवाजे आपोआप चालत. पाणी ठरलेल्या पातळीपर्यंत असले की ते बंद राहत. पूर येऊन पाणी त्याच्या वर चढले, की वजनाच्या योजनेमुळे ते आपोआप उघडत आणि पाणी ओसरले की पुन्हा मिटत. या युक्तीने तलावात सुमारे आठ फूट उंचीचे जादा पाणी साठू लागले. १९०३ साली बसवलेल्या या दरवाजांचे मोठे कौतुक झाले. त्यांनी या शोधाचे पेटंट घेतले. पण त्यावर मिळू शकणारे मानधन मात्र स्वीकारले नाही. सरकारी नोकरीत असताना जे सुचले त्याचे वेगळे पैसे घेणे त्यांना योग्य वाटले नाही.

पुढे ते मुंबई सरकारच्या नोकरीतून मुदतीपूर्वीच निवृत्त झाले. पण त्यांना विश्रांती कुठली! २८ सप्टेंबर १९०८ रोजी हैदराबादेत मुसी नदीला महापूर आला. हजारो माणसे बुडाली, घरे वाहून गेली. त्या वेळी मीर महबूब अली खान हे निजाम होते. शहर पुन्हा उभारण्यासाठी हैदराबाद सरकारने विश्वेश्वरय्यांना सल्ल्यासाठी बोलावले. पुराचे पाणी शहरात येण्यापूर्वी वरच्या बाजूलाच अडवावे, असा सल्ला त्यांनी दिला. त्याप्रमाणे पुढे मीर उस्मान अली खान यांच्या कारकिर्दीत मुसी नदीवर उस्मान सागर आणि तिला मिळणाऱ्या ईसी नदीवर हिमायत सागर हे तलाव बांधले गेले. पहिला १९२० मध्ये आणि दुसरा १९२७ मध्ये पुरा झाला. ज्या पाण्याने शहर बुडवले होते, तेच पाणी शहराची तहान भागवू लागले.

१९०९ मध्ये विश्वेश्वरय्या आपल्या म्हैसूर संस्थानात मुख्य अभियंता म्हणून गेले. तेथे कावेरी नदीवर मोठे धरण बांधण्याची योजना त्यांनी हाती घेतली. १९११ मध्ये काम सुरू झाले. या कामाच्या वेळी टिपू सुलतानाच्या काळातील एक फारसी शिलालेख सापडला. याच ठिकाणी धरण बांधण्याचे सुलतानाने १७९४ मध्ये ठरवले होते आणि या पाण्यावर नवी जमीन लागवडीखाली आणणाऱ्यांना साऱ्यात सवलत देऊ केली होती. तो शिलालेख आजही कृष्णराज सागर धरणाच्या दाराशी पाहायला मिळतो.

मात्र या धरणाला कावेरीच्या खालच्या अंगाला असलेल्या मद्रास सरकारने हरकत घेतली. वरच्यांनी पाणी अडवले तर खालच्या शेतांचे काय, असा त्यांचा प्रश्न होता. नीरेवर दोन शेतकऱ्यांत जो तंटा होता, तोच येथे दोन राज्यांत उभा राहिला होता. अखेर १९२४ मध्ये करार झाला. तरीही भांडण मिटले नाही. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या वादाचा निकाल दिला. आंतरराज्यीय नदी कोणत्याही एका राज्याच्या मालकीची नसते, ती साऱ्या राष्ट्राची संपत्ती असते, असे न्यायालयाने त्यात स्पष्ट केले.

१९१२ ते १९१८ या काळात विश्वेश्वरय्या म्हैसूरचे दिवाण होते. त्या काळात बँक, विद्यापीठ आणि कारखाने निघाले. कृष्णराज सागराच्या पाण्यावर मंड्या भागात शेती सुरू झाली, तेव्हा तेथेही नीरेवरच्या अनुभवाचा उपयोग झाला. १९५५ साली भारत सरकारने त्यांना भारतरत्न हा सर्वोच्च सन्मान दिला. एप्रिल १९६२ मध्ये, वयाची शंभर वर्षे पुरी केल्यावर, त्यांचे निधन झाले. त्याच्या आदल्याच वर्षी, १२ जुलै १९६१ रोजी, पानशेतचे धरण फुटले आणि त्या लोंढ्याने खडकवासल्याचे जुने धरणही फुटले. ज्या तलावाचे पाणी त्यांनी तरुणपणी वाढवले होते, तो तलाव त्यांच्या हयातीतच रिकामा झाला. पुढे ते धरण पुन्हा बांधण्यात आले.

मग नीरेच्या खोऱ्यातील चिबड जमिनीचे काय झाले? प्रामाणिकपणे सांगायचे, तर एका माणसाने सुचवलेल्या पद्धतीने तो प्रश्न संपला नाही. १९१० मध्ये पुण्याच्या शेतकी कॉलेजातील हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर एक अभ्यासपूर्ण पुस्तिका लिहिली. १९१६ मध्ये मुंबई सरकारने पाटबंधाऱ्यांच्या संशोधनासाठी एक खास विभाग काढला. क्लॉड इंग्लिस नावाच्या अभियंत्याने जमिनीत चर खोदून तुंबलेले पाणी बाहेर काढण्याचे प्रयोग केले. त्याच विभागातून पुढे खडकवासल्याची मोठी जल संशोधन संस्था उभी राहिली. पण उसाचा मोह सुटला नाही. भाटघरला १९२८ मध्ये नवे, मोठे धरण झाले, पाणी वाढले आणि ऊसही वाढला. आजही महाराष्ट्रात नदीकाठच्या अनेक गावांत पांढऱ्या थराची शेते दिसतात. २००५ साली राज्यात कायदा झाला आणि शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांना पाणी मोजून देण्याची व्यवस्था ठरली. फडाच्या गावकऱ्यांकडे असलेला निर्णयाचा अधिकार अशा रीतीने पुन्हा शेतकऱ्यांकडे येऊ लागला.

विश्वेश्वरय्यांनी मोठमोठी धरणे बांधली, म्हणून लोक त्यांना ओळखतात. पण धरण बांधणे हे अर्धेच काम आहे. साठवलेले पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोहोचवणे आणि पहिल्या शेतात ते तुंबू न देणे, हे उरलेले अर्धे काम अधिक कठीण असते. त्याला सिमेंट-दगडाहून संयम अधिक लागतो. आपल्या वस्तीत नळाला पाणी येते, तेव्हाही हाच प्रश्न असतो. पुढच्या घरी टाकी भरून वाहत असते आणि मागच्या घरी हंडा रिकामा असतो. नळ बंद करणारा हात आपला असला, तर विश्वेश्वरय्यांच्या कामात आपलाही थोडा वाटा पडेल.

शब्दार्थ

खोरे – नदीच्या दोन्ही बाजूंचा प्रदेश
बारे – पाटातून शेतात पाणी घेण्यासाठी केलेली वाट
पाटकरी – पाटाचे पाणी सोडणारा माणूस
चारी – कालव्यातून शेतांकडे जाणारा लहान पाट
चिबड – पाणी तुंबल्याने खराब झालेली (जमीन)
निचरा होणे – साचलेले पाणी निघून जाणे
सांडवा – धरणातील जादा पाणी वाहून जाण्याची वाट
सारा – जमिनीवरील सरकारी कर
गदा येणे – (हक्काला) धोका पोहोचणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) विश्वेश्वरय्यांची पहिली नेमणूक कोठे झाली?
(आ) नीरेचा डावा कालवा खोदण्यास सुरुवात का झाली?
(इ) हैदराबादेत कोणते दोन तलाव बांधण्यात आले?

२. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) चांगली जमीन चिबड आणि खारवट कशी होते?
(आ) ब्लॉक पद्धतीचे फायदे सांगा.
(इ) फड पद्धत आणि ब्लॉक पद्धत यांतील साम्य व फरक लिहा.

३. विचार करा आणि लिहा.
पाणी घेतले एकाने आणि जमीन खराब झाली दुसऱ्याची. अशा वेळी न्याय कसा करावा, असे तुम्हांला वाटते?

४. उपक्रम.
तुमच्या गल्लीत किंवा गावात पाणी कसे वाटले जाते, याची घरातील मोठ्यांकडून माहिती घ्या आणि ती आठ-दहा ओळींत मराठीत लिहा.